आजोबांचा रूळ, नातवाचा कॅमेरा

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाकडे आहे. त्याच्या एका अर्ध्या भागावर महाराष्ट्र लिहिले आहे, दुसऱ्या अर्ध्यावर गुजरात. नवराबायको शेजारीशेजारी बसले तर एक जण एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात. सुरत-भुसावळ लाईनवरून जाणाऱ्या माणसाला गाडी थांबली की या बाकड्यावर बसून फोटो काढण्याची हौस येते. स्टेशन बांधले तेव्हा राज्ये वेगळी नव्हती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमेची रेघ नेमकी प्लॅटफॉर्मवरून गेली. सुमारे ८०० मीटर लांबीच्या या स्टेशनाचे ३०० मीटर आपल्याकडे, ५०० मीटर गुजरातकडे. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तरांची खोली तापी जिल्ह्यात. गाडीची सूचना चार भाषांत होते. वर्तमानपत्रांत या बाकड्याचे फोटो कितीदा तरी छापून आले.

आम्ही यंदाच्या जुलैत भर पावसात नवापूरपर्यंत गेलो ते मात्र या बाकड्यासाठी नव्हे. गेलो ते मणिबेलीच्या पोरांसाठी. मणिबेलीचा आणि रेल्वेचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध नाही, म्हणूनच जावे लागले.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या काठचे आदिवासी गाव. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला अगदी जवळ. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ३३ बुडित गावांपैकी पहिले पाणी मणिबेलीत शिरले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत या गावाचे नाव जगभर गेले. तिथल्या सत्याग्रहाच्या बातम्या आपण तेव्हा वाचल्या असतील. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने जागतिक बँकेचे उरलेले कर्ज नको म्हणून कळवले, आणि १९९४ मध्ये देशोदेशीच्या संघटनांनी मोठ्या धरणांविरुद्ध जे निवेदन काढले त्याला मणिबेलीचेच नाव दिले. धरण थांबले नाही. २०१७ मध्ये ते १३८.६८ मीटर उंचीचे पुरे झाले. गावातले कितीतरी लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले, काही लोक मात्र डोंगराच्या वरच्या अंगाला घरे बांधून तिथेच राहिले. त्यांच्या पोरांसाठी तिथे जीवनशाळा आहे.

दरवर्षी जूनच्या आरंभी आम्ही काही मित्र वर्गणी काढून वह्या, पेन्सिली घेऊन तिकडच्या शाळांत जातो. यंदा एका मुलाने पुस्तकातले आगगाडीचे चित्र दाखवून विचारले, ही खरोखर एवढी लांब असते का? त्याच्याबरोबरच्या दहा-बारा पोरांपैकी दोघांनीच गाडी पाहिली होती, तीही दुरून. जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षांहून जुने स्टेशन आणि त्याच जिल्ह्यातल्या पोराला गाडी चित्रातली! मी म्हटले, खऱ्या गाडीचे फोटो आणून देतो.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, कान टवकारले. आबा याच लाईनवर गँगमन होते. आता त्या पदाला ट्रॅक मेंटेनर असे नाव आहे. पस्तीस वर्षांची नोकरी झाली, निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. माझा मुलगा पाचवीत. त्याच्या मामाने जुना डिजिटल कॅमेरा दिलेला, तो त्याच्या गळ्यात कायम. दोघांनी परस्पर बेत ठरवून टाकला. मला फक्त मित्राची जीप मागून आणण्याचे आणि ती चालवण्याचे काम उरले.

रविवारी सकाळी नंदुरबारहून निघालो तेव्हाच आभाळ खाली आले होते. खांडबाऱ्याकडे जाता जाता पाऊस असा लागला की काच पुसणारे दांडके दमून गेले. मी म्हटले, परत फिरू. आबा म्हणाले, "पाऊस पडला म्हणून आम्ही कधी परत फिरलो का रे? गाडी पाहायची तर पावसातच पाहावी. रूळ धुतलेला असतो."

खांडबाऱ्याला प्लॅटफॉर्म तिकीट काढून शेडखाली उभे राहिलो. आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले की फोटो काढणाऱ्या पोराला आजोबांइतका चांगला जोडीदार नाही. पोरगा आपला मान वळवून वळवून गाडी कधी येते पाहत होता. आबा सिग्नलकडे पाहत होते. "तो दिवा लाल होता, आता पिवळा झाला. म्हणजे गाडी लूपला घेणार, इथे थांबवणार. कॅमेरा तयार ठेव, पण घाई करू नको. वळणावर येईपर्यंत फुकट." खरेच, पाच-सात मिनिटांनी कोळशाची मालगाडी संथपणे आत आली. लगेच मेन लाईनचा सिग्नल हिरवा झाला. "आता एक्सप्रेस सुटणार बघ. मागे हो, पिवळ्या पट्टीच्या मागे." चेन्नईहून अहमदाबादला जाणारी नवजीवन होती ती. पाण्याचे तुषार उडवीत अशी गेली की पोराच्या पहिल्या फोटोत नुसती निळसर रेघ आली.

पावसातल्या फोटोच्या दोन-चार गोष्टी इथेच सांगून टाकतो, कुणाला उपयोगी पडतील. भिंगावर थेंब बसतो आणि फोटोत डाग येतो. खिशात जुन्या सुती धोतराचा तुकडा ठेवावा, नायलॉनचा रुमाल पाणी फक्त पसरवतो. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घालून तिला भिंगापुरते भोक पाडले की झाले. भरधाव गाडी समोरून टिपण्यापेक्षा ती वळणावर असताना तिरकी टिपावी, डबेही येतात. इंजिनाचा दिवा ओल्या रुळावर पडून लांब सोनेरी पट्टा होतो. तो उन्हाळ्यात सात जन्मात मिळणार नाही. मोबाईलवरही हे सगळे जमते.

आणि रुळावर उतरायचे नाही. कितीही चांगला फोटो मिळत असला तरी नाही. आपल्या वस्त्यांतली तरणी पोरे हल्ली रुळात उभी राहून सेल्फी काढतात, म्हणून जोर देऊन लिहितो आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याहून मोठी गोष्ट आबांनी सांगितली. कोळशाचे इंजिन धापा टाकीत यायचे, डिझेलचे घरघरत यायचे. विजेचे इंजिन आवाज न करता येते, आणि पावसात तर तेवढाही ऐकू येत नाही. उधना-जळगाव हा सारा मार्ग दुहेरी आणि विजेचा झाल्याचा समारंभ २०१९ मध्ये झाला. एका लाईनवरची गाडी पाहत माणूस मागे सरकतो आणि दुसऱ्या लाईनवर जातो. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. पुलावर उभे राहून छत्री किंवा काठी खाली काढायची नाही.

नवजीवन गेल्यावर पोराने मालगाडीच्या इंजिनाचे वीसेक फोटो काढले. तेवढ्यात रुळाच्या कडेने एक माणूस चालत आला. अंगात नारिंगी जाकीट, वर रेनकोट, खांद्यावर हातोडा आणि पाना. आबांचा चेहरा उजळला. "हा चावीवाला," ते म्हणाले, "याचा काढ. विचारून काढ."

चावीवाला म्हणजे कुलपाच्या चाव्यांचा नव्हे. रूळ ज्या खिळ्या-क्लिपांनी स्लीपरला धरून ठेवलेला असतो त्या तपासत हा रोज आपल्या हद्दीतून चालत जातो. सैल झालेली ठोकून बसवतो, पडलेली नवी घालतो, रुळाला चीर गेली आहे का पाहतो. पाऊस असो, ऊन असो. माणूस प्लॅटफॉर्मच्या टोकाशी आला तेव्हा पोराने कॅमेरा दाखवून विचारले, "काका, तुमचा फोटो काढू?" तो इतका गोंधळला की मागे वळून आपल्या मागे कोणी आहे का ते पाहिले. "माझा? माझा कशाला? इंजिनाचा काढ ना भाऊ." आबांनी आपली ओळख दिली, कुठल्या गँगला होते ते सांगितले. मग तो हसला, रेनकोटची टोपी मागे सारून ताठ उभा राहिला.

जीपमध्ये बसल्यावर आबा बोलत राहिले. नोकरीच्या गोष्टी ते फारशा सांगत नाहीत. त्या दिवशी पावसाळी गस्तीचे सांगितले. पावसाळ्यात रात्री गँगमन दोन स्टेशनांमधला रूळ पायी तपासत असतात. भराव खचला का, पुलाखालचे पाणी खुणेच्या वर गेले का, झाड आडवे पडले का, हे पाहायला. खांद्यावरच्या झोळीत दहा फटाके, लाल-हिरवे झेंडे, काडेपेटी, शिटी. हातात बत्ती आणि काठी. आपली हद्द संपली की समोरून येणाऱ्या गस्तवाल्याला भेटायचे, वहीची अदलाबदल करायची आणि परत फिरायचे. गस्तवाला वेळेवर स्टेशनला पोचला नाही तर स्टेशन मास्तर गाड्यांना सावकाश चालवण्याचा लेखी हुकूम देतात, इतकी त्याच्या पायांवर गाडीची भिस्त.

फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. चपटी डबी असते, ती रुळाच्या माथ्यावर पट्टीने अडकवायची. चाकाखाली आली की फुटते आणि ड्रायव्हरला कळते की पुढे धोका आहे. रूळ खचलेला दिसला की गस्तवाला बत्ती लाल करून गाडीच्या दिशेने पळत सुटतो. सहाशे मीटरवर एक फटाका लावतो, आणखी सहाशे मीटर पळून, म्हणजे बाराशे मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन लावतो. कारण भरधाव गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. काळोखात, पावसात, खडीवरून बाराशे मीटर! हजार माणसे डब्यात झोपलेली असतात.

पोराने विचारले, "मग ड्रायव्हर तुम्हाला ओळखायचा का?"

आबा म्हणाले, "गाडी आली की आम्ही रुळाच्या बाजूला उभे राहायचो. छातीशी नंबरची पाटी धरायची आणि बत्तीचा उजेड त्या पाटीवर पाडायचा. ड्रायव्हरला पाटी दिसायची. तोंड कशाला दिसेल?"

आबांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचा आमच्या घरी एकच फोटो आहे. निरोप समारंभाचा. गळ्यात हार, हातात नारळ, अंगावर नवा सदरा. रुळावरचा, गँगबरोबरचा, हातात पहार असलेला एकही नाही. ज्यांच्या घरी वाडवडिलांपासून रेल्वेची नोकरी आहे, मग ते भुसावळचे असोत, मनमाडचे असोत की इगतपुरीचे, त्यांनी आपल्या पेट्या उघडून पाहाव्यात. लग्नाचे फोटो निघतील, दीक्षाभूमीचे निघतील, चैत्यभूमीचे निघतील. कामावरचा फोटो क्वचित निघेल.

आणि हे काम साधे नव्हते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, हे त्यांनी तिथे मांडले. स्टेशनवर हमालाची जागासुद्धा त्याला मिळत नसे, कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम सांगितले जाई आणि घरात विटाळ चालत नसे. रुळाला मात्र विटाळ नव्हता. तेव्हा खडी, पहार आणि रात्रीची गस्त आपल्या वाट्याला आली. तापी खोऱ्यातली आमची ही लाईन वेगळ्या कंपनीची, १९०० च्या सुमारास किलिक निक्सन कंपनीच्या कारभारात सुरू झालेली. पण खडी इथलीही तशीच जड. आज चित्र बरेच बदलले आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी असिस्टंट लोको पायलट झाली आहे. तिचा फोटो मात्र वस्तीत सगळ्यांकडे आहे आणि तो असावाच.

विसरवाडी, चिंचपाडा करीत दुपारी नवापूरला पोचलो. बाकड्यावर आजोबा-नातवाचा फोटो मी काढला. आजोबा महाराष्ट्रात, नातू गुजरातेत. खरा फोटो मात्र पोराने पुढे काढला. न थांबणारी एक गाडी स्टेशनातून जात होती. प्लॅटफॉर्मवर रेल्वेचा कर्मचारी हिरवा झेंडा धरून उभा, आणि इंजिनाच्या खिडकीतूनही तसाच हिरवा झेंडा बाहेर आला. सारे ठीक आहे, असे दोघे एकमेकांना सांगतात. एका क्षणाचा खेळ. आबांनी आधीच सांगून ठेवले होते, "इंजिनाकडे बघू नको, हाताकडे बघ." म्हणून तो फोटो मिळाला. दोन हात, दोन झेंडे, मध्ये पाऊस.

घरी येऊन मोजले तर १७० फोटो. त्यातले २४ निवडून नंदुरबारला स्टुडिओत कागदावर काढून घेतले. मोबाईलमध्ये असलेला फोटो आपला नसतो असे माझे मत आहे. मोबाईल बिघडला की गेला. मी कारकून माणूस. ज्या कागदावर नाव नाही, तारीख नाही, तो कागद कामाचा नाही, हे इतक्या वर्षांत टेबलावर बसून शिकलो. म्हणून पोराला बसवून प्रत्येक फोटोच्या मागे बॉलपेनाने लिहायला लावले. गाव, तारीख, गाडीचे नाव आणि माणूस असेल तर माणसाचे नाव. चावीवाल्याचे नाव आणि त्याचे गाव पोराने त्याच दिवशी विचारून ठेवले होते. एक प्रत त्याला पोस्टाने पाठवली.

इथे दोन शब्द केवडियाच्या गाडीबद्दल. १७ जानेवारी २०२१ रोजी धरणाच्या पायथ्याशी केवडियाला रेल्वे स्टेशन सुरू झाले. त्याला आता एकतानगर म्हणतात. दादरहून, अहमदाबादहून गाड्या येतात, काचेच्या छताचा डबासुद्धा आहे. त्यासाठी डभोईकडची जुनी छोटी लाईन मोठी केली. ही तीच गायकवाडांची लाईन, जिचा पहिला तुकडा १८६२ मध्ये सुरू झाला तेव्हा गाडी बैल ओढायचे! मणिबेलीच्या पोरांना हे सांगितले तेव्हा ती इतकी हसली की गुरुजींना गप्प बसवावे लागले. म्हणजे गाडी भिंतीच्या अलीकडे येऊन थांबली आहे. भिंतीच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, मणिबेली.

पावसाळा ओसरल्यावर नोव्हेंबरात आम्ही तिघे फोटो घेऊन तिकडे गेलो. मोलगीपर्यंत आणि पुढे जमेल तितके जीपने, मग पायी, मग बोटीने. धरण भरलेले. आबांना नेऊ नये असे घरात सगळ्यांचे म्हणणे, पण त्यांनी कोणाचे ऐकले नाही. पोरांनी चोवीस फोटो जमिनीवर एकापुढे एक मांडून त्यांचीच गाडी केली. झेंड्यांचा फोटो कोणाकडे राहणार यावरून भांडण झाले. शेवटी तो शाळेच्या भिंतीवर लागला.

एक म्हातारे गृहस्थ दाराशी बसून पाहत होते. त्यांनी इंजिने बाजूला सारली आणि चावीवाल्याचा फोटो बराच वेळ हातात धरला. त्यांच्या भाषेत काही विचारले. गुरुजींनी सांगितले, हा माणूस कोण आणि कुठल्या गावचा, असे विचारतात. माझ्या मुलाने फोटो उलटा करून नाव वाचून दाखवले, गाव वाचून दाखवले. म्हाताऱ्यांनी मान हलवली.

मग आबांनी गुरुजींमार्फत त्यांना विचारले, तुमचे घर कुठे होते? ते उठले आणि आम्हाला काठाशी घेऊन गेले. हात लांब करून पाण्यातली एक जागा दाखवली. तिथे घर होते, त्याच्या खालच्या अंगाला शेत, शेताच्या बांधावर महूची दोन झाडे. फोटो आहे का कुठला, असे मुलाने विचारले. नव्हता. बाहेरून आलेल्या लोकांनी त्या काळी गावाचे, मोर्च्यांचे पुष्कळ फोटो काढले होते. ते मुंबईला, दिल्लीला, परदेशात गेले. त्यांच्या घराचा त्यांच्यापाशी एकही नाही. वनजमिनीवरच्या कसणाऱ्यांना आपली जमीन दाखवण्यासाठी किती फेऱ्या घालाव्या लागल्या ते नर्मदाकाठच्या कोणालाही विचारा.

मुलाने त्यांना तसेच हात लांब करून उभे राहायला सांगितले. आबा त्यांच्या शेजारी उभे राहिले. उन्हात पाणी चमकत होते, म्हणून त्याने दोन वेळा जागा बदलली आणि तीन फोटो काढले. नंतर वही काढून गुरुजींना एकेक विचारत लिहून घेतले. म्हाताऱ्यांचे नाव, पाड्याचे नाव, घर पाण्यात गेले ते वर्ष, आणि महूची झाडे दोन.

तो फोटो आता कागदावर निघाला आहे. मागचा मजकूर इतका झाला की शेवटची ओळ कडेने उभी लिहावी लागली. दोन प्रती काढल्या आहेत. एक आबांच्या पेटीत आहे, दुसरी जूनमध्ये वह्यांबरोबर मणिबेलीला न्यायची आहे.